जाळीला ठेवलेलं भोक

प्रिय नाना,

सुनेनं सासऱ्याला 'प्रिय' लिहावं का? लिहिते. आता तुम्ही थोडेच डोळे वटारणार!

दुपारचे तीन वाजलेत. सहाला तुमचा लेक बिडकीनच्या कंपनीतून येईल, येताना जाळीवाल्याला घेऊनच येतो म्हणालाय. त्याच्या आत मला तुमच्याशी बोलायचंय. उद्या सर्वपित्री अमावास्या, आणि तुमचा घास अजून तसाच राहिलाय.

झालं काय, षष्ठीला तुमचं पहिलं पितर घातलं. वडे, खीर, तुमच्या आवडीची गवार. ताट गॅलरीत ठेवलं. कावळा आला, बाहेर छज्ज्यावर बसला, मान इकडं तिकडं केली न् गेला. दुसरा आला, तोही गेला. दोन वाजले तरी आमच्या पोटात कण नाय. मी हात जोडले, "नाना, रागावलात का? चुकलं असेल तर पदरात घ्या." मग चिडलेच. "जिवंतपणी ताटाला नावं ठेवलीत, आता तरी खा की!" शेजारच्या रुखसानाभाभी त्यांच्या गॅलरीतून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं मंगल, कव्वा आयेगा किधर से? जाली तो देख!"

जाळीच्या आत ताट ठेवलं होतं हो मी! तीन वर्षं ती डोळ्यासमोर आहे, दिसायचीच बंद झालीय. पळत ताट गच्चीवर नेलं, तोवर कावळे पांगलेले.

जाळी माझ्यामुळं लागली. कबुतरांच्या पिसांनी माझा दमा उठायचा. तुमचे गुडघे गेले म्हणून देवगाव रंगारीहून तुम्हाला इथं गारखेड्यात आणलं. लिफ्ट नाय, तिसरा मजला. वर चढलात ते चढलात. दिवसभर घरात आपण दोघंच. तुम्ही जाळीला नाक लावून समोरच्या प्लॉटातलं उंबर बघत बसायचात. "मंगल, हरियल म्हणून एक पाखरू असतंय. डोंगरात खायला मिळालं नाय की इथवर बी उतरंल. ते भुईवर पाय ठेवत नाय म्हणतेत. मी बी आता हरियल झालो बघ!" तुम्ही हसायचात, मीही हसायचे. दोन वर्षं तुमच्या पायाला माती लागली नाय, यात हसण्यासारखं काय होतं?

"पोरी, एवढा एक कोपरा उघडा कर. जीव घुसमटतोय." किती वेळा म्हणालात! मी आपली, बघू. मग एक दिवस गावाहून आणलेल्या विळ्यानं तुम्ही कोपऱ्यातली चार घरं कापलीत. काय काय बोलले मी! "लेकरांच्या वरताण झालात. मी मेले की उघडा सगळं." विळा हिसकून माळ्यावर टाकला, आणि जाळीवर दुसरी जाळी बांधून घेतली. त्यानंतर तुम्ही कोपऱ्याचं नाव काढलं नाय. खुर्ची तेवढी भिंतीकडं वळवून घेतलीत, आणि शेवटपर्यंत तशीच ठेवलीत. भांडायचं होतं की, नाना! गप्प कशाला बसलात?

आज सकाळी समोरचं उंबर हिरव्या पाखरांनी भरलं होतं. पोपट म्हणावं तर चोच तशी नाय, आणि पाय हळदीसारखे पिवळे. गावी तुमच्या पुतण्याला फोन लावला. "हरियलच हायेत ते, वहिनी. अवंदा पाऊस हटलाच नाय. डोंगरातली उंबरं, वडाची फळं समदी सडून गळाली. खायला उरलंच नाय, मग काय करतील? जिथं मिळंल तिथं उतरायलेत." असं साल आलं की तुम्ही बांधावरच्या उंबराला कोयता लावू देत नव्हता, शेळ्यांना पाला कमी पडला तरी, हेही त्यानंच सांगितलं. दोन वर्षं एका घरात काढली आणि मी कधी विचारलंच नाय.

तेवढ्यात कुठूनसा शिक्रा आला. थवा उधळला, आणि एक हरियल सरळ आपल्या जाळीत घुसलं. मान आत, पंख अडकलेला. फडफडेल तितकं जास्तच गुंतायला लागलं. मी नुसती बघत उभी! मग स्टुलावर चढले, माळ्यावरून तुमचा विळा काढला. डबल जाळी, तीही माझीच हौस! कापता कापता बोटं सोलली. पाखरू हातात आलं तेव्हा त्याचं काळीज थडथड उडत होतं. हात बाहेर काढून सोडलं. उंबरावर जाऊन बसलं. जाळीला भोक पडलं ते तुमच्याच कोपऱ्यात, हातभर अलीकडं.

तुमच्या लेकाला फोनवर सांगितलं, तर म्हणतो, "तुझ्या दम्याचं काय? संध्याकाळी भोक बंद करून टाकू." त्याचं चुकत नाय. मलाही खाली उतरून तीन आठवडे झाले. हे घर, ही जाळी आणि मी.

पाखराची पिसं उडाली तेव्हा मला दम लागला होता, नाना. छाती आवळली, डोळ्यांपुढं अंधारी आली. पंप ओढला आणि थोड्या वेळानं मोकळी झाले. माझ्याकडं पंप आहे. तुमचा जीव घुसमटत होता तेव्हा तुमच्याकडं काय होतं? एक कोपरा तेवढा मागत होतात, आणि मी तो शिवून टाकला.

सहाला बेल वाजेल. जाळीवाल्याला चहा पाजीन आणि माघारी धाडीन. तुमचा लेक ओरडेल, ओरडू दे. उद्या ताट त्या भोकातून बाहेर छज्ज्यावर ठेवीन. कावळा शिवला तर बरंच, नाय शिवला तरी मी रागावणार नाय. पण शब्द देते, मी या घरात आहे तोवर ते भोक कुणाला बुजवू देणार नाय.

तुमची खुर्ची उंबराकडं फिरवून ठेवलीय.

तुमची,
मंगल