दादाचं एकोंटिंग

९ फेब्रुवारी
असेंबेदादा ताडावरून पडला. ताडी काढायला चढला होता, कमरेचा फास तुटला. बुंध्याशी त्याचं गाताना वाजवायचं तारांचं वाद्य, एकोंटिंग, ठेवलेलं – नेमका त्यावरच. भोपळा फुटला, दांडा मोडला. दादा जिवंत आहे. देवाची कृपा.

१२ फेब्रुवारी
झिगंशोरच्या दवाखान्यातून घरी आणला. पाय गेले. फासळ्यांमुळे श्वास पुरत नाही. हात शाबूत. अंगणात बाजेवर पडून असतो. आज पहिल्यांदा बोलला – "पाद्री, मला नवीन करून दे. इस्टरला गायचंय." मी रविवारी देवळात मिस्सा चुकवत नाही म्हणून मला पाद्री म्हणतो. माझी पन्नाशी आली तरी!

गळा त्याचा. मी फक्त बनवतो.

१५ फेब्रुवारी
गेल्या वर्षीचा भोपळा काढला. चांगला वाळलाय, बिया खुळखुळतात. तोंड कापून आतून खरवडला. बोरूचा दांडा आरपार घातला. बकऱ्याचं कातडं भिजत टाकलं.

शाळेचे मास्तर बघायला आले. म्हणाले, "समुद्रापलीकडे बँजो वाजवतात ना, त्याचा हा आजोबा!" दादा म्हणाला, "मग नातवाला निरोप धाडा, घरात माणूस पडलंय, एकदा बघून जा म्हणावं." हसला. मग बराच वेळ खोकत राहिला.

१८ फेब्रुवारी
चूक केली. भोपळ्यावर ताणलेलं ओलं कातडं सावलीतच वाळवायचं असतं. दादाचा श्वास ऐकून घाई झाली – उन्हात ठेवलं. दुपारी कातडं आवळलं आणि भोपळा तडकला. आवाज बाजेपर्यंत गेला.

"घाई कुणाला आहे रे? मला की तुला?"

ओडिलवहिनी आतून ओरडली, "दोघंही गप्प बसा! भात निवतोय."

१९ फेब्रुवारी
दुसरा भोपळा. सावलीत.

२६ फेब्रुवारी
झालं. कातड्याच्या लाकडी खुंट्या पक्क्या बसल्या. तारा तीन, मासेमारीच्या तंगुसाच्या. तारांना उचलून धरणारी घोडी चिकटवत नाही, कातड्यावर नुसती उभी राहते. जपमाळ पुरी केली आणि दादाच्या हातात दिलं. सूर त्यानंच लावायचा. वाजवणारा आपल्या गळ्याला जुळवून तारा लावतो, ते दुसऱ्याचं काम नाही.

दांड्यावरच्या दोऱ्याच्या गाठी सरकवत बसला. छेडायचा, पुन्हा सरकवायचा.

"पाद्री, तोवर तुझं ते देवळातलं काहीतरी म्हण. अंगण भकास वाटतंय."

"तू सूर लाव ना. माझ्या भजनानं चुकेल."

"म्हण रे. इथे कोण बिशप बसलाय!"

म्हटलं. दोन भजनं झाली तरी त्याचं चाललंच होतं. मग भिंतीला टेकवून ठेवलं, स्वतः गायला नाही. दमला असेल. कातडं छान बोलतंय.

२७ फेब्रुवारी
दादा अजून उठला नव्हता. एकोंटिंग हातात घेऊन हळूच छेडलं. तारा त्याच्या उंच गळ्याला लावलेल्या नाहीत. माझ्या गळ्याला लावल्यात.