तोंड बघून पुस्तक

आप्पा, आई पडली. गोठ्यात नाही, रानात नाही, माझ्या सांगलीच्या फ्लॅटमध्ये, घसरू नये म्हणून मी मुद्दाम आणलेल्या रबरी मॅटला अडखळून पडली. खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं, आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खाटेशी वॉकर आणून ठेवला आणि म्हणाले, "आजी, आता चालायचं." आईनं वॉकरकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं आणि डोक्यावरून पदर ओढून घेतला. व्यायाम घेणारी मुलगी रोज यायची, गोड बोलायची, रागावायची, शेवटी हात जोडायची. आई पदराआडून एकच म्हणायची, "मला न्हाई चालायचं. झालं आता माजं चालून." पाचव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं की या आठवड्यात पाय टेकला नाही, तर मग ती अंथरुणातून उठणार नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमची आठवण आली की मी रडले असेन, चिडले असेन, पण तुमचा काही उपयोग होईल असं त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं.

आपल्या वाचनालयात पुस्तक मागायची पद्धतच नव्हती. ग्रामपंचायतीच्या वरची ती एकच खोली, उंब्रजकडून ट्रक आला की कपाटांच्या काचा थरथरायच्या, आणि तुम्ही टेबलाशी चष्मा कपाळावर चढवून बसलेले. माणूस जिना चढून येईपर्यंत पावलांच्या आवाजावरून तुम्ही निम्मं ओळखायचात, उरलेलं तोंड बघून. मग उठून किल्ली लावायची, एक पुस्तक काढायचं आणि त्याच्या हातात ठेवायचं. कुणी म्हणालंच की आप्पा, मला ते अमुक पाहिजे, तर "त्ये बाहीर गेलंय" म्हणून मोकळे. ते पुस्तक तुमच्या पाठीमागे काचेतून सगळ्यांना दिसत असायचं. पण तुमच्याशी वाद कोण घालणार? सुनेशी भांडून आलेल्या सासूला तुम्ही शिकारीचं पुस्तक द्यायचात, नुकतंच लग्न झालेल्याला प्रवासवर्णन, आणि सुट्टीवर आलेल्या फौजीला जाड कादंबरीचा दुसरा खंड, म्हणजे पहिल्यासाठी तो पुढच्या सुट्टीत पुन्हा येईल. रडणाऱ्याला रडकं पुस्तक द्यायचं नाही, हसवणारं तर त्याहून नाही, हा तुमचा कायदा. त्याला माहितीचं पुस्तक द्यायचं. "दुक्कात मान्साला गोष्ट झेपत न्हाई," तुम्ही म्हणायचात, "खताचं प्रमान झेपतं."

मी बारावीला इंग्रजीत नापास झाले तेव्हा तुम्ही कऱ्हाडला गेला होतात. मी कपाटातली सगळ्यात दुःखी कादंबरी काढली आणि माळ्यावर बसून यथेच्छ रडत होते. तुम्ही आलात, पुस्तक हातातून काढून घेतलंत आणि म्हणालात, "ताप आल्यावर चुलीपाशी बसत्यात व्हय गं?" आणि दुसरं दिलंत. कुक्कुटपालन. मी नापास झालेली, सतरा वर्षांची, आणि बाप मला कोंबड्या देतोय! रागानं मी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या अंगणातली कोंबडी मान वाकडी करून बसलेली दिसली आणि मी भिंतीवरून ओरडले, "काकू, तिला बाकीच्यांतनं बाजूला काढा, मानमोडी आहे!" काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पदवी घेऊनच आले आहे. ऑक्टोबरात इंग्रजी सुटलं. राणीखेतचं, म्हणजे त्या मानमोडीचं, लसीकरण कितव्या दिवशी करायचं हे मला अजून पाठ आहे.

सगळ्यांवर तुमचं औषध लागू पडलं असंही नाही. सुभेदारांची बायको गेली, ते महिनाभर कुणाशी बोलेनात, तेव्हा तुम्ही त्यांना मधमाश्यांचं पुस्तक दिलंत. फौजी माणूस तो, छापील हुकूम पाळायचा एवढंच त्याला माहीत. आठवड्यात महाबळेश्वरहून दोन पेट्या आणून त्यांनी माडीवर ठेवल्या. पुस्तकात होतं की पेटी शांतपणे उघडावी. सुभेदारांनी ती परेडसारखी उघडली. तासाभरात अख्खी गल्ली तुमच्या जिन्यावर, कुणाचा डोळा बंद, कुणाचा ओठ वांग्याएवढा, आणि सगळे एकाच वेळी ओरडताहेत, "आप्पा, आवं ह्ये काय पुस्तक का काय!" सुजलेल्या तोंडांवरून तुम्हाला कुणाचंच काही ओळखता येईना, तरीही प्रत्येकाला एकेक पुस्तक देऊनच तुम्ही खाली पाठवलंत. सुभेदार मात्र त्या दिवसापासून बोलायला लागले. आधी माफी मागायला, मग मध द्यायला, मग नुसतेच.

तर हे सगळं आठवून मी आईचं तोंड बघायला बसले. तोंडावर पदर. मी चुकत चुकत शिकायचं ठरवलं. पहिल्या दिवशी, तुमचा कायदा मोडून, विनोदी पुस्तक नेलं. दोन पानं वाचली, शेजारच्या खाटेवरची बाई हसून हसून खोकायला लागली, आणि आई म्हणाली, "बंद कर. हसलं की टाकं वडत्यात." दुसऱ्या दिवशी संतांच्या गोष्टी नेल्या. आईनं पदर बाजूला करून विचारलं, "मी मराय लागलीय का? डाक्टर काय बोलला तुला?" ते पुस्तक पिशवीत घालून वरून डबा ठेवला. तिसऱ्या दिवशी पाककृतींचं. त्यातल्या वांग्याच्या भाजीवर ती जराशी पेटली, "येवढं त्याल? बाई हाय का घाना?" असं म्हणाली, मला आशा वाटली, पण पाचव्या ओळीला पुन्हा पदर. शेवटी हुकमी एक्का म्हणून मी कुक्कुटपालन काढलं. आईनं निम्मं पानसुद्धा ऐकलं नाही. "चाळीस वरसं कोंबड्या पाळल्या म्या. आन तू मला वाचून दाखीव!"

मी वैतागून म्हणाले, "आई, मी आप्पांसारखं करायचा प्रयत्न करतेय गं. ते तोंड बघून बरोबर पुस्तक द्यायचे."

"द्यायचं की," आई म्हणाली. पदर बाजूला झाला होता आणि ती वर पंख्याकडे बघत होती. "साऱ्या गावाची तोंडं बघितली त्यांनी. माजं कवा बघितलं? तीस वरसं दुपारी डबा घिऊन त्यो जिना चढली मी. दारात हुबी ऱ्हायची. वर मान न करता म्हनायचं, ठिव तितं. एक दिस म्हनलं न्हाई, घे, ह्ये तुज्यासाटी काढलंय. चौथी शिकल्याली व्हते मी. वाचाय येत व्हतं की मला."

आप्पा, मला तेव्हा तुमचा इतका राग आला की तुम्ही असतात तर मी तुमच्याशी बोलले नसते. आणि स्वतःचाही आला, कारण तुमच्या टेबलाशेजारी बसून मीसुद्धा तो डबा कित्येकदा उघडला होता. त्या रागाच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, "काढलं होतं त्यांनी. तुझ्यासाठी एक पुस्तक बाजूला काढून ठेवलं होतं. द्यायचं राहिलं."

आईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. आठ दिवसांत पहिल्यांदा नीट बघितलं. "कंचं?"

"गावाकडं आहे. उद्या आणते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी गावाला गेले. वाचनालय अजून तिथंच आहे. तुमच्या जागी आता एक शांत गृहस्थ बसतात आणि ते पुस्तक मागितलं की देतात, त्यामुळे तिथं कुणी फारसं येत नाही. मी आधी तुमची जुनी रजिस्टरं काढायला लावली. वेड्यासारखी पान न् पान चाळली, कुठेतरी आईचं नाव असेल म्हणून. सुभेदारांचं आहे, काकूंचं आहे, त्या गल्लीतल्या सगळ्या सुजलेल्यांचं आहे, माझं तर तेवीस वेळा आहे. आईचं नाही. लेकीला फसवायला तरी एखादी नोंद करून ठेवायची होती, आप्पा.

मग मी कपाटासमोर उभी राहिले आणि डोळे मिटून आईचं तोंड आठवलं, दवाखान्यातलं नाही, घरातलं. आणि मला हसू आलं. अख्ख्या गावात जिला कधीही राहवत नाही अशी ती बाई. शेजारची कोंबडी कुणी नेली, मोटरीची वायर कुणी कापली, पोरीला चिठ्ठी कुणी लिहिली, हे कळल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. कुणाच्या लक्षात यायच्या आधी निम्म्या चोऱ्या तिनं चुलीपाशी बसून शोधलेल्या. मी रहस्यकथांच्या खणातून कव्हर गेलेली एक जुनी कादंबरी काढली.

गोष्ट अशी होती: एका बागायतदार म्हाताऱ्या आत्याबाईंचा रात्रीच्या दुधातून विष देऊन खून होतो. घरात पुतण्या, औषधं आणून देणारा कंपाउंडर आणि जुनी स्वयंपाकीण. दुपारी मी वाचायला लागले आणि दुसऱ्या प्रकरणाला आईनं पदर पूर्ण काढून उशीखाली कोंबला. तिसऱ्याला वॉर्डातल्या सगळ्या बायका गप्प. नर्ससुद्धा तापाचं यंत्र हातात धरून उभी. खिडकीशेजारच्या खाटेवर जतकडच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, पायाला वजन लटकवलेल्या आणि कानानं कमी. त्यांच्यासाठी मला ओरडून वाचावं लागत होतं. तिसऱ्या दिवशी आम्ही शेवटाला आलो. पोलिसांनी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं, फौजदार उठून उभा राहिला आणि म्हणाला, खुनी याच खोलीत आहे. मी पान उलटलं आणि पुढे पुठ्ठा.

"पुढची पानं नाहीत," मी म्हणाले. "वाळवीनं खाल्लेली दिसतात."

"न्हाईत म्हंजे?" आई ओरडली. "कुनी क्येलं मग?"

तिकडून खिडकीजवळून शिक्षिकाबाईंनी खणखणीत आवाजात निकाल दिला, "सैपाकीण! दुसरं कोण? दूध तिच्याच हातात होतं!"

आईला ते सहन होईना. "सैपाकीन न्हवं!" ती म्हणाली. बाईंना ऐकू गेलं नाही. आईनं पुन्हा सांगितलं. बाईंनी कानामागे हात धरला आणि म्हणाल्या, "हां, बरोबर, सैपाकीणच!" आईचं तोंड लाल झालं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, व्यायामवाल्या मुलीकडे बघितलं नाही, नुसता हात पुढे केला. "आन गं त्यो घोडा हिकडं." मुलीनं वॉकर दिला. आई उठली. एक पाय टाकला, विव्हळली, एक शिवी घातली, ती तुमच्यासाठी होती का शिक्षिकाबाईंसाठी ते मला कळलं नाही, आणि दुसरा पाय टाकला. नऊ पावलं. मी मोजली, मोजता मोजता रडत होते, आणि मुलगी मागून हात धरून चालत होती. बाईंच्या कानाशी वाकून आई म्हणाली, "आवं बाई, जिला रोज सोता दूद तापवाय लागतं ती त्यात इख कशाला घालंल? त्ये भांडं परत तिलाच घासायचं असतंय! पुतन्याचं काम हाय ह्ये."

त्या दिवसापासून ती रोज दोनदा खिडकीपर्यंत जाते, कारण बाई काही ऐकत नाहीत. डॉक्टर खूश आहेत, परवा घरी सोडणार. काल कॉरिडॉरमध्ये चालता चालता ती थांबली आणि म्हणाली, "वाळवीनं खाल्ली म्हनतीस व्हय पानं? वाळवी येवढं सरळ खाती? त्यांनीच काढून ठिवली असत्याल. हिला ऱ्हावायचं न्हाई, ही हुडकत बसंल, म्हनून. वळखत व्हतं की मला." आणि असं हसली, आप्पा, की मी नुसती मान डोलावली. सगळं श्रेय तुम्हाला गेलं. मला त्याचा राग आला आणि अजून आहे. ते परत मागणार नाही, पण तुम्ही तिला एकही पुस्तक दिलं नव्हतंत हे मी विसरणार नाही.

हे पत्र आईच्या दवाखान्याच्या फायलीतच, एक्सरेच्या मागे राहील. तिला वाचता येतं, म्हणून तिथूनही काढावं लागेल. कारण वाळवी नव्हती. शेवटची अकरा पानं माझ्या पर्समध्ये आहेत. ती दाखवायची सोय नाही, खून स्वयंपाकिणीनंच केलाय. परतीच्या एसटीत, कऱ्हाड सोडल्यावर, ती मी फाडली. वाचनालयाचं पुस्तक, शिक्का मारलेलं. आणि फाडायच्या आधी, त्रेपन्नाव्या वर्षी, मागच्या सीटवर तुम्ही बसला नाहीत ना, हे मी वळून बघितलं.