वॉकरच्या आट्यांविषयी

चि. ठोक्यास,

आशीर्वाद. तुझ्या गुडघेदुखीला उतार पडला असेल असे गृहीत धरतो. पडला नसल्यास ते गृहीतक मागे घेऊन काळजी व्यक्त करतो. तुझ्या ताईची प्रकृती, शरीरापुरते बोलायचे तर, ठीक आहे. ती मला ओळखत नाही हे मागे कळवलेच होते. त्यात सुधारणा नाही.

पत्रास कारण तिचा वॉकर. त्याच्या एका पायाचा जोड डगमगू लागला, कारण स्क्रू धरून ठेवणारे आतले आटे झिजले होते. दुकानदाराने नवा घ्या असे सुचवले. एक भोक निकामी झाले म्हणून अख्खी वस्तू निकामी ठरवणे हा अंशावरून पूर्णाविषयी काढलेला सदोष निष्कर्ष आहे, असे मी त्याला समजावून सांगितले. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. तेव्हा बदलीच्या वेळी तू आमच्याकडे ठेवून गेलेली हत्यारांची पेटी मी माळ्यावरून काढली (मान अजून डावीकडे वळत नाही), वॉकरचा पाय बाल्कनीतल्या वाइसच्या जबड्यात आवळला, भोक ड्रिलने किंचित मोठे केले आणि नवे आटे पाडायचे हत्यार, म्हणजे टॅप, हँडलमध्ये धरून उभा राहिलो. टॅप थोडा पुढे फिरवला की जरा मागे घ्यावा, म्हणजे आतला धातूचा कीस तुटतो, हे मला ठाऊक नव्हते. आणि ठाऊक असते तरी, पुढे जाण्यास पुरेसा आधार असताना माघार घेणे मला पटले नसते. (तर्कशास्त्र शिकवण्यात हयात गेली, हात तरी वेगळे कसे वागतील?) टॅप जड जाऊ लागला, मी जोर वाढवला, अगदी हलकासा ‘टक्’ आवाज झाला, आणि टॅपचे खालचे टोक भोकातच राहिले. ते इतके कठीण असते की ड्रिलने निघत नाही, उलट ड्रिलच मोडते. हेही मी प्रयोगाने सिद्ध केले आहे.

एवढ्यात मागून आवाज आला, “मोडलास ना?” तुझी ताई दाराच्या चौकटीला धरून उभी होती, टॅपला लावलेल्या तेलाच्या वासाने उठून आली असावी. “अरे ठोक्या, जरा पुढे, मग जरा मागे. मलाच शिकवायचास की. आणि आवाज करू नकोस, हे आत वाचत बसले असतील.”

लग्न झाल्यापासून तिने मला ‘अरे’ म्हटलेले नव्हते, ही गोष्ट येथे नोंदवून ठेवतो. मी रीतसर पुरावा सादर केला, म्हणजे आमच्या लग्नातला फोटो. तिने तो बराच वेळ पाहिला. “हो, हेच ते,” ती म्हणाली, “पण तू ह्यांचा चष्मा कशाला घातलायस? काढ आधी, रागावतील.” मी चष्मा काढून दिला. पुढचे काम त्यामुळे अंदाजाने करावे लागले, आणि शेजारी पाडलेल्या भोकात दुसराही टॅप मोडला.

तेव्हापासून मी वाइसपाशी उभा राहिलो की ती खुर्ची ओढून जवळ बसते आणि बोलते. (एरवी मी खोलीत असलो तर ती भिंतीकडे पाहत राहते.) विषय बहुधा मीच असतो. “जेवतानासुद्धा मुद्दा सोडत नाहीत रे. मीठ कमी झालंय म्हटलं, तर कशापेक्षा कमी, असं विचारतात.” आरोप खरा आहे. “तसे चांगले आहेत. पण गेले कुठे? नेहमी सांगून जातात.” येतील, असे मी म्हणतो. हे विधान खरे की खोटे, ते मला अद्याप ठरवता आलेले नाही.

तेव्हा तू लवकर ये. माझे अनुमान असे की, ठोक्याची जागा खऱ्या ठोक्याने घेतली म्हणजे घरात उरलेला पुरुष कोण, या प्रश्नाला तिच्यापुढे एकच उत्तर राहते. आलास की अडकलेले टॅपही काढून देशील.

तुझ्या ताईचे यजमान
(सध्या वादग्रस्त)

ता. क. वरील अनुमानात दोष आढळला. आज स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला माणूस आला होता. त्याच्या हातात पाना पाहून तिने त्याला ठोक्या म्हटले, बसवून घेतले, प्यायला पाणी दिले. आणि उरलेल्या पुरुषाला, म्हणजे मला, “तुमचं काम झालं असेल तर निघा, दार ओढून घ्या,” असे सांगितले. मी जिन्यात उभा राहून तो जाण्याची वाट पाहिली. सबब, इतक्यात येऊ नकोस. फक्त टॅप पाठव. बारीक मापाचे, लवकर मोडणारे असले तरी चालतील.

आणखी एक. वॉकर केव्हाच दुरुस्त झाला. अडकलेल्या टॅपांशेजारी आणखी एक भोक पाडले, त्यात आटे नीट पडले, आणि ती त्याच्या आधाराने घरभर फिरते. हल्ली मी एका लोखंडी पट्टीत आटे पाडत असतो. त्यांत कुठलाही स्क्रू बसवायचा नाही.

शेवटचे. वाइसपाशी बसून हे लिहीत असताना ती मागे येऊन उभी राहिली. “ह्यांना लिहितोयस ना? लिही, मी रागावलेली नाही. आता या म्हणावं.” निरोप शब्दशः उतरवला आहे. तो पोचवण्याचा पत्ता मजजवळ नाही, म्हणून पत्र तुझ्याकडे पाठवतो.