आकड्याच्या शेपटीला होडी

१ ऑगस्ट

मी बोलते, फोन लिहितो. अक्षर शिकले नाही ते बरंच झालं — हात दुखत नाही!

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली, होड्या सुटल्या. पहिल्या खेपेला जी होडी आधी खाडीत शिरते, त्या घरच्या थोरलीने पौर्णिमेला दर्याची ओटी भरायची, हा आमच्या पाड्याचा रिवाज. गेल्या वर्षी दोन होड्या बरोबरच आल्या आणि मारामारी झाली. म्हणून यंदा माझ्या नातवाने, परेशने, प्रोग्राम केलाय. होडी शिरली की वेळ आपोआप फोनात उठते. म्हणाला, सेकंदाचे दहा लाख तुकडे करतो, आता भांडायला जागाच नाही. मी म्हटलं, त्यातला एक मला दे, तेवढ्यात अंघोळ उरकते.

३ ऑगस्ट

आमची होडी पुढे होती. मी धक्क्यावरच होते. पाड्यातल्याच रतनची होडी मागे, हातभर का होईना, पण मागे. फोनने सांगितलं — रतन पहिला! होडीवरून माझा लेक दिनानाथ ओरडला, पण होडीवरच्यांचं कोण धरतंय, दोन्हीकडचे शपथाच घेतात. मग मी बोलले. तर परेश सगळ्यांदेखत म्हणाला, "आजीला आता लांबचं दिसत नाही."

पाडा हसला. मीही हसले. काय करणार?

लग्न होऊन आल्यापासून त्या ओटीची वाट बघतेय. आमची होडी कधी पहिली आलीच नव्हती.

४ ऑगस्ट

परेशच्या बहिणीने, हेमालीने, आज मासळी निवडताना सगळं सांगितलं. परेशने वेळ आणि होडीचा नंबर जोडून एकच आकडा केला. पुढे वेळ, शेपटीला होडी. तुकडे इतके बारीक केले की आकडा लांबतच गेला — एकोणीस अंकी! त्याच्या त्या प्रोग्रामच्या भाषेत साध्या आकड्याच्या जागेत एवढा लांब आकडा मावत नाही. मावला नाही तरी ती बया बोंबलत नाही, गुपचूप शेवटचे अंक बदलते. आमची होडी एकशे चौदा नंबरची, तिचे केले शंभर. शंभर म्हणजे रतन.

मोठ्या आकड्यांना तिच्यात वेगळी सोय आहे म्हणे. ती वापरायची राहिली.

मी म्हटलं, पोराला ठाऊक नसेल गं.

हेमाली खाली बघून म्हणाली, "होड्या यायच्या आधीच सांगितलं होतं मी दादाला."

तीन बंदरांची माणसं प्रोग्राम बघायला आली होती. त्यांच्यापुढे चूक कशी काढायची, म्हणून आजीचे डोळे काढले.

५ ऑगस्ट

जेवले नाही. पोट बिघडलंय म्हटलं. परेशने ओवा आणून दिला.

६ ऑगस्ट

ठरलं. पौर्णिमेला देवळाच्या अंगणात उभी राहून पाड्यासमोर बोलणार. कुणाला सांगितलं नाही, हेमालीलासुद्धा. फक्त इथे.

७ ऑगस्ट

सकाळी चहा देताना परेश म्हणाला, "आजी, अंगणात नको ना बोलू."

हेमालीला विचारलं. मी इथे बोलते ते पहिल्या दिवसापासून परेशच्या लॅपटॉपवरही उघडतं.

तर परेश, वाचतोयसच, तर हेही वाच. उद्या अंगणात मी गप्प बसेन. तू बोलायचं.