तिसऱ्या पावलाचा शेवट

आमच्या लाडक्या शेंडेफळास,

हे पत्र काही मी पाठवणार नाही, म्हणून मनातलं लिहिते.

काल टीव्हीवर तू देशाचं परदेशी कर्ज गोष्टीतून समजावलंस. तीन पावलं जमीन मागणारा बटू आभाळाएवढा झाला, तसं व्याजाने कर्ज फुगलं. मग राजा त्याला म्हणाला, "मागताना जेवढा होतास, तेवढा होऊन तिसरं पाऊल टाक!" बाबांनी टाळ्या वाजवल्या. अर्थखात्यात कर्जाचं काम मी बघते, पण मी बोलायला लागले की त्यांना जांभया येतात.

अगं बये, हा शेवट पुराणात नाहीच! तिथे राजा डोकं पुढे करतो आणि पाताळात जातो. लहानपणी ते ऐकून तू भोकाड पसरायचीस, घास गिळायची नाहीस, म्हणून मी शेवट बदलला होता. एवढी मोठी लेखिका झालीस, पण मूळ कथा कधी उघडून पाहिली नाहीस.

आज मंत्र्यांनी तेच वाक्य कर्ज देणाऱ्या देशांपुढच्या भाषणात घालायला सांगितलं, तुझ्या नावासकट. मी मुकाट्याने घातलं.

तिथल्या कुणीही पुराण वाचलेलं नसू दे. आणि त्यांनी खरंच ऐकून व्याज सोडलं, तर बाबांना एकदा सांग, तो शेवट ताईचा आहे.

तुझी जळकुकडी,
ताई