'वरदा' हेच नाव

६ नोव्हें. १९८८, रवि. उणकल
सकाळी गंगाक्का अळणावरहून आल्या. येसूची बायको. येसू न् मी नौदलाच्या 'वरदा' जहाजावर सहा वर्षं एकाच बॉयलरपाशी. मग त्या वादळात तो डेकवरून गेला, सापडलाच नाही. आता गावात त्याच्या नावाचा दगड बसतोय. तालुका ऑफिस म्हणतं, जहाजाचं नाव नौदलाच्या पत्रात आहे तेच कोरा. येसू गेल्यावर 'वरदा'चं नाव बदललं, पत्रात ते नवं नाव. नियमच तसा म्हणे, जहाजाचं नाव बदललं की सगळ्या कागदांवर नवंच.
अक्का म्हणाल्या, "त्या नावाच्या जहाजावर हे कधी चढलेच न्हाईत, अण्णा. मग गेले कुठनं?"
चहा निवून गेला.

९ नोव्हें.
दिवसभर वरदाच डोक्यात. पहिल्या दिवशी नाव वाचून येसू ओरडला होता, "अरे, ही तर आपल्या धारवाड जिल्ह्यातली नदी!" कुठल्याही बंदरात कुणी विचारलं की असा सांगायचा, जसं काय जहाज त्याच्या शेताच्या बांधावरूनच निघालंय. ग्रीसचा वास. रविवारची पुरी-भाजी. कोळशासारखा काळा होऊन वर यायचा आणि कानडी गाणी म्हणायचा, बेसूर.
माझ्या वडिलांनी, अप्पांनी, छप्पन्नात बौद्ध धर्म घेतला, जुनं आडनाव टाकलं. केवढा आनंद घरात. पण ते त्यांनी स्वतः टाकलं. इथं आम्हाला कुणी...

१४ नोव्हें., सोम.
सप्तापूरला देसाई सरांकडे. कायदा शिकवतात. म्हणाले, एका खासदाराचं खासगी विधेयक आलंय. युद्धनौकेचं नाव संसदेला विचारल्याशिवाय बदलू नये, बदललंच तर जुनं नाव दप्तरात शेजारी राहावं.
"पास होईल?"
"अवघड आहे. अशा विधेयकांना वेळच मिळत नाही. पण तुम्ही त्यांना लिहा."
घरी येऊन चार पानं लिहिली. तीन फाडली. त्यांत नुसता येसूच होता.

२६ नोव्हें., शनि.
काल विधेयकाची पाळी होती. आली नाही. आधीच्याच विधेयकावर वेळ संपला, असं सर म्हणाले. आता पुढचं अधिवेशन.
अक्कांना सांगायला अळणावरची गाडी धरली. अंगणात शेंगा फोडत होत्या. "आग्लि, होऊ दे," म्हणाल्या. मग पुढची शेंग फोडत, "माझं वय किती झालं, इचारलंय का त्यांनी?"

४ डिसें., रवि. अळणावर
पाथरवट खोळंबला होता, कुठलं नाव कोरू? मी म्हणालो, "अक्का, जुनं घातलं तर ऑफिस दगड काढायला लावेल."
"लावू दे. काढंपर्यंत तर ऱ्हाईल."
पाथरवटाला फक्त कानडी लिहिता येतं. अक्कांना येसूच्या पत्रांतलीच अक्षरं हवी होती, मराठी. मग मीच खडूनं काढून दिली. 'दा' वाकडा झाला. त्यानं तसाच कोरला. अक्कांनी पदरानं धूळ पुसली, बोट फिरवून बघितलं.
मंगळवारी ऑफिसचा माणूस बघायला येणार. मी तोवर इथंच राहतोय.