उजवं फूल

प्रिय आई,

नमस्कार. मी बरी आहे. जर्सी सिटीत थंडी पडली आहे, पण तू विणलेला स्वेटर अंगात आहे. तुझा गुडघा कसा आहे?

सौमित्र मला सोडून जुन्या मैत्रिणीकडे गेला, हे ऐकून तू फोनवर म्हणालीस, "देवीच्या मनात काही चांगलं असेल." आई, लग्न ठरवताना आपण तिलाच कौल लावला होता. उजवं फूल पडलं. गुरव म्हणाले, "डोळे मिटून द्या मुलगी."

त्या मैत्रिणीचं देवीला तेव्हाही माहीत असणार.

मी परत यावं का, हे आता देवीला विचारू नकोस. मी इथेच राहणार आहे.

मी तिच्याशी बोलत नाही. नवरात्रात माझ्या नावाची ओटी मात्र चुकवू नकोस.

तुझी,
चारुता